हॉटेलातली न चुरगळलेली चादर

ती घटना आठवली की आजही मला आधी एक चादर दिसते. पांढरी, कडक इस्त्रीची, चारही कोपरे गादीखाली खोचलेली. गंमत अशी की ती चादर मी डोळ्यांनी कधी पाहिलीच नाही. चार ओळींच्या एका जबाबात ती माझ्याकडे टपालाने आली, आणि तिच्या जोरावर मी एका निरपराध माणसाला आत टाकायला निघालो होतो.

साठच्या दशकातली गोष्ट. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं आणि मी पालघर ठाण्यात फौजदार होतो. मी घाटावरचा, नगरकडचा. समुद्र पाहिला तोच नोकरी लागल्यावर. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. बोईसर स्टेशनाबाहेर सिमेंटचे ट्रक, हिंदी बोलणारे मजूर आणि दर महिन्याला एक नवं चहाचं दुकान. किनाऱ्यावर मात्र वेगळा धंदा चालायचा. बाहेरून सोनं यायचं, एखाद्या खाडीच्या तोंडाशी उतरायचं आणि सूर्य उगवायच्या आत नाहीसं व्हायचं. वरून सारखी विचारणा व्हायची, आणि आमच्या स्टेशन डायरीत रोज तेच वाक्य पडायचं, 'किनारा गस्त केली, संशयास्पद काही नाही.'

त्या हिवाळ्यात दातिवऱ्याच्या खाडीत कस्टमवाल्यांनी पहाटे तीनच्या सुमारास एक बोट अडवली. थोडं सोनं हाती लागलं, दोन माणसं धरली गेली, पण बोट चालवणारा पाण्यात उडी टाकून पसार झाला. धरलेल्यांनी तोंड उघडलं नाही. टॉर्चच्या उजेडात शिपायाला जे दिसलं तेवढंच वर्णन आमच्याकडे आलं : उंच, वयस्क, उजव्या खांद्यात कललेला.

पाचव्या दिवशी बोईसरचा माझा खबऱ्या आला. हा स्टेशनासमोर चहाचं दुकान चालवायचा, मूळचा उत्तरेकडचा. त्याआधी मुंबईत हॉटेलांतून भांडी घासून आलेला.

"साहब, दांडी का एक बूढ़ा तांडेल है. चाय के पैसे निकाल रहा था, कमर से चाबी गिरी. पीतल का बिल्ला, उस पर नंबर. बंबई के बड़े होटल की चाबी है. मैं पहचानता हूँ."

दांडी हे आमच्याच किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव, आणि तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. मी विचारलं, "दिसायला कसा?"

"लंबा है. एक कंधा ऐसा झुका हुआ," असं म्हणून त्याने स्वतःचा उजवा खांदा खाली केला.

मला त्याच क्षणी गुन्हा उघड झाल्यासारखं वाटलं. आमच्या खात्यात ही सर्वांत धोक्याची वेळ. वर्णन जुळलं की माणूस पुढचं ऐकायचं थांबतो.

तांडेलाला दांडीहून ठाण्यात आणला. साठीला टेकलेला, उन्हाने काळवंडलेला, लाकडासारखा वाळलेला माणूस. झडतीत किल्ली निघाली. पितळी बिल्ल्यावर खोलीचा नंबर आणि हॉटेलचं नाव. नाव मी इथे लिहीत नाही. मुंबईच्या समुद्राकाठच्या त्या वस्तीतलं, जिथे संध्याकाळी खाली बँड वाजायचा, मोटारींतून झगमगीत कपड्यांतली माणसं उतरायची आणि दारूबंदी असूनही परमिटवाल्यांची सोय व्हायची. माझ्यासारख्या फौजदाराला तिथला चहा परवडला नसता.

वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता, पण मी त्याला अरे-तुरेच करत होतो. तेव्हा त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मलाही वाटलं नाही.

"ही किल्ली कुठली?"

"हाटेलाची. परत द्यायची ऱ्हायली, सायब. कुलूप लावलं आन् सवयीनं कमरंला लावली. पुढल्या भांगाला नेऊन देनार व्हतो."

भांग म्हणजे समुद्राला ओढ नसते ते दिवस. बोंबलाच्या जाळ्यांना, म्हणजे डोलींना, पाण्याची ओढ लागते. भांगात त्या किनाऱ्यावर येतात आणि कोळी मोकळा असतो. दातिवऱ्याची बोट आली तीही भांगातच. म्हणजे गडी त्या दिवसांत मोकळा होता, असं मी मनात टिपून ठेवलं.

"किती दिवस होतास हॉटेलात?"

"तीन राती."

"कोण होतं बरोबर?"

"बायको."

"कशाला गेला होतास?"

"मुंबै बगायला."

मी हसलो. "जन्मभर मुंबईसमोर मासे मारलेस आणि आता म्हातारपणी मुंबई बघायला?"

"पान्यावरून बगितली, सायब. भुईवरून नव्हती."

"पैसा कुठून आणलास?"

"नव्या डोलीसाठी ठेवलेला."

जाळं सोडून हॉटेल! घाटावरचा शेतकरी बैल विकून नाटक बघायला जाईल का? मी त्याच मापाने मोजत होतो. त्याला तेवढ्यापुरता घरी सोडला आणि चौकशीची चक्रं फिरवली. दांडीतल्या शेजाऱ्यांनी सांगितलं, तांडेल आणि तांडेलीण त्या दिवसांत दातिवऱ्याला लेकीकडे गेली होती. दातिवऱ्याला! माझ्या हवालदाराने तिथे जाऊन लेकीला विचारलं, तर ती म्हणाली आईबाप आलेच नव्हते. मी म्हटलं, लेक बापाविरुद्ध कशी बोलेल? मुंबईच्या संबंधित ठाण्याला आम्ही कळवलं होतं. तिथल्या एका शिपायाने हॉटेलात जाऊन मजल्यावरच्या बेअऱ्याचा जबाब घेतला. तोच चार ओळींचा कागद : खोली पतिपत्नी अशा नोंदीने तीन दिवस दिलेली होती, परंतु तिन्ही दिवस गादीवर कोणी निजलेलं नव्हतं, चादरीला सुरकुती नव्हती, न्हाणीघरही कोरडं व स्वच्छ होतं, खोली न वापरल्यासारखी दिसली.

झालं. खोली फक्त दाखवण्यापुरती घेतलेली. रात्री गडी खाडीत, आणि विचारलंच तर हातात किल्ली. तांडेलाला पुन्हा ठाण्यात आणून मी तो कागद त्याच्यापुढे धरला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचून दाखवला.

"निजलो व्हतो," तो म्हणाला. "भुईवर."

"एवढी गादी सोडून भुईवर?"

"ती हालतं, सायब. होडीसारकी. घरा आल्यावं तरी भुई नको का?"

हे उत्तर मी थापांच्या खात्यात टाकलं. त्याला मी बसवून ठेवलं. 'चौकशीसाठी बसवून ठेवणे' हा तेव्हाचा आमचा शब्द. अटक नाही आणि सुटकाही नाही. लॉक-अपच्या बाहेरच्या बाकावर तो दीड दिवस बसला. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही. दमदाटी केली, आमिष दाखवलं. तो एकाच गोष्टीला हलला. मी सहज म्हटलं, "ठीक आहे, उद्या तुझ्या बायकोलाच इथे आणतो. ती सांगेल मुंबईत काय केलंत ते."

तो बाकावरून उठला आणि त्याने माझे पाय धरले.

"तिला इचारू नका. मना आत टाका, काय लिवायचं ता लिवा, मी अंगठा देतो. पन आमी मुंबैला का गेलो, ता तिला इचारू नका."

पाय धरणारे मी खूप पाहिले होते. बहुतेक सगळे स्वतःसाठी धरतात. हा कशासाठी धरतोय ते मला कळेना, आणि जे कळलं ते चुकीचं कळलं. तसली वस्ती, तसलं हॉटेल, नोंदवहीत 'पतिपत्नी' आणि बायकोला विचारायचं नाही! म्हटलं, बरोबर नेलेली बाई दुसरीच कोणी असणार. सोन्याबरोबर तेही प्रकरण निघालं.

तेव्हा त्याच्या बायकोला ठाण्यात न आणता मीच दांडीला जायचं ठरवलं. दया म्हणून नव्हे. नवऱ्याच्या भानगडीने दुखावलेली बाई स्वतःच्या अंगणात जास्त बोलते, हा माझा अनुभव होता.

सकाळचे दहा वाजले असतील. हवालदाराला मी वाटेवरच थांबवलं आणि एकटा पुढे गेलो. घर समुद्राकडे तोंड करून होतं; पुढे बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगा. अंगणात एक म्हातारी बाई चालत होती. डोळे घट्ट मिटलेले. दारापासून पहिल्या बांबूपर्यंत आली, हाताने तो चाचपला, डावीकडे वळली, विहिरीपर्यंत गेली, काठावर बोटं टेकवली आणि परत फिरली. ओठ हलत होते. ती पावलं मोजत होती. परतताना एकदा तिचा पाय टोपलीला लागला. तिने डोळे उघडले, टोपली बाजूला ठेवली, डोळे मिटले आणि पुन्हा दारापासून सुरुवात केली.

मी किती वेळ बघत उभा होतो, आठवत नाही. शेवटी खाकरलो. तिने दचकून डोळे उघडले आणि पदर सावरला. डोळ्यांवर पातळ धुरकटपणा होता. गणवेश दिसायला तिला चार पावलं पुढे यावं लागलं.

"त्यानं काय केलंय, सायबा?"

"आधी तुम्ही सांगा. गेल्या आठवड्यात तुमचा नवरा कुठे होता?"

"माज्यासंगं. मुंबैला. हाटेलात." लगेच ती कसनुशी हसली. "लोकांना दातिवऱ्याला लेकीकडं जातो म्हनून सांगितलं. नायतर बोलतील ना, म्हातारपनी चैन सुचली."

मी मनात उभी केलेली दुसरी बाई तिथल्या तिथे गायब झाली. मी ओट्यावर बसलो आणि विचारलं, "मुंबई कशी वाटली?"

ती जे बोलली ते मी जमेल तसं त्याच संध्याकाळी वहीत उतरवून ठेवलं होतं. म्हणाली, खोली चांगली होती, पण बायका उघड्या गळ्याने हिंडतात, त्यांना थंडी कशी वाजत नाही? खाली वाजंत्री होती, पण लग्न कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वर नेणारी पेटी पहिल्यांदा हलली तेव्हा तिने नवऱ्याचा दंड धरला, "लग्नात पन नव्हता धरला." गादीवर एकदा बसून पाहिली, मऊ लागली, पण परक्याचं अंथरूण म्हणून आपल्या गोधडीवर दोघं भुईवर निजली. न्हाणीघर रोज तिने घासून, पुसून कोरडं केलं. "पावन्यानं आपली घान मागं ठेवायची काय?"

माझ्या कागदातली एकेक ओळ ती माझ्यासमोर उलगडून ठेवत होती.

"आन् दिवं! सायबा, ते दिवं. खिडकीत बसून बगितलं. हा जनमभर सांगायचा, मुंबैचं दिवं असं दिसतात, तसं दिसतात. आमी बाया होडीवं जात नाय. त्यानं बोट करून दावलं, ता बग, तो लाल दिवा लागतं, इजतं, तो दिसला का आमी सुकानू घराकडं फिरवतो. चालीस वर्सं तो ज्या दिव्याला बगून घरा आला, तो मी बगितला."

मग तिने आवाज खाली आणला.

"मी डोलं मिटून चालत व्हती, ता तुमी बगितलं ना?"

मी होय म्हटलं.

"त्याला सांगू नका. डोल्यांचा डाक्टर त्याला भाईर घेऊन गेला, मना आत बसवली. बरी होनारी बाय असती तं तिच्यादेकत सांगितलं असतं ना? भाईरून आला तवापासून रोज थेंब टाकतो आन् सांगतो, उद्या बरं दिसंल. आन् जो मानूस मना कंदी पालघरचा बाजार दावायला नेला नाय, तो डोलीचं पैसं मोडून मुंबैच्या हाटेलात नेतो! येवडं समजत नाय मना? त्याला वाटतं मना ठावं नाय. वाटू दे. तो घरा असला का सराव करता येत नाय. या दोन दिवसांत सराव बरा झाला."

मला माझी लाज वाटली. हे वाक्य पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणींत शोभत नाही, पण दुसरं लिहिता येत नाही. मी तिच्या नवऱ्याला बाकावर डांबून ठेवलं होतं, आणि ती माऊली तेवढ्या वेळात आंधळी व्हायला शिकत होती.

तरी मी पोलीस होतो. हळहळ वेगळी आणि पुरावा वेगळा. बायकोची साक्ष नवऱ्याच्या बाजूने किती धरणार? म्हणून निघता निघता विचारलं, "तुम्ही तिथे होतात हे आणखी कुणाला ठाऊक?"

तिने विचार केला. "उंबरा रिकामा ठेवला नाय मी. रोज सकाली पिठाची दोन बोटं रांगोली वढली दाराशी. कोन तरी रोज पुसून टाकी."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः मुंबईला गेलो. बेअरा पन्नाशीचा, तळकोकणातला, तोलून बोलणारा. पिठाचं नाव काढताच भडकला.

"तें पीठ होतं? अहो साहेब, गालिच्यावर तीन सकाळी पांढरं! समोरच्या खोलीत गाणारी बाई राहते, मला वाटलं तिची पावडर. मी तिला बोललो, तिने मॅनेजरकडे तक्रार केली, माझी नोकरी जायची वेळ आली."

"आणि त्या खोलीतला म्हातारा?"

"तो? रोज पहाटे साडेचारला माझ्याकडे यायचा. मशेरी भाजायला निखारा द्या म्हणायचा. तिन्ही दिवस. मी सांगायचो, बाबा, हे हॉटेल आहे, इथे चूल नाही. गॅसवर भाजून द्यायचो. भला माणूस."

मी दातिवऱ्याच्या बोटीची तारीख सांगितली. तो ठाम होता. त्याच दिवशी सकाळी गाणाऱ्या बाईशी त्याचं भांडण झालं होतं आणि तक्रारीची नोंद मॅनेजरच्या वहीत होती. मी ती पाहिली. पहाटे तीनला दातिवऱ्याच्या खाडीत उडी मारणारा माणूस साडेचारला मुंबईत मशेरी मागू शकत नाही.

"हे आमच्या शिपायाला का नाही सांगितलंत?"

"त्याने विचारलं, गादीवर कोण निजलं होतं काय? मी म्हटलं, नाही. तो गेला."

परत येऊन मी तांडेलाला मोकळं केलं. पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही.

"तिला काय बोललाव, सायब?"

"मुंबई कशी वाटली, ते विचारलं."

"डोल्यांचं कायच नाय ना?" आणि मग मान खाली घालून त्यांनी मला ते सगळं सांगितलं, जे मला आदल्या दिवशीच ठाऊक झालं होतं. शेवटी म्हणाले, "तिला कललं तं ती जगायची नाय, सायब."

मी मान हलवली. जबाबात मुक्कामाचं कारण 'मुंबई पाहणे' एवढंच लिहिलं. वरिष्ठांनी लाल पेन्सिलीने खूण करून विचारलं, कोळी माणूस एवढ्या खर्चाने मुंबई का पाहील? मी उत्तर पाठवलं : पाण्यावरून पाहिली होती, जमिनीवरून पाहिली नव्हती. पुन्हा विचारणा आली नाही. खरा बोटवाला सहा महिन्यांनी दुसऱ्याच किनाऱ्यावर सापडला. उंच होता, पण खांदे सरळ. त्या रात्री बोटीच्या काठावर आपटून त्याचा खांदा दुखावला होता, म्हणून कललेला दिसला.

पुढे नोकरीत मी हाताखालच्या लोकांना ही केस अनेकदा सांगितली. सांगायचो, बेअरा खोटं बोलला नाही, शेजारी खोटं बोलले नाहीत, लेक तर अगदी खरं बोलली. चादरीला सुरकुती नव्हती, इतकंच कागदावर होतं. रात्री खोलीत माणूस नव्हता, हे मी माझ्या मनाने जोडलं. कारण मला तशी गादी मिळाली असती तर मी तिच्यावर लोळलो असतो. आरोपीच्या जागी आपण स्वतःला उभं करतो आणि त्यालाच तर्क म्हणतो. एवढंच सांगून मी थांबायचो. अंगणातली गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. आता ती दोघंही नाहीत, म्हणून लिहितो आहे.

तीनेक वर्षांनी बंदोबस्तासाठी पुन्हा दांडीला जाणं झालं. तांडेलांनी ओळखलं, घरी नेलं. अंगणात बोंबलांच्या त्याच रांगा. तांडेलीण दारातून निघाली, बांबूला हात लावून डावीकडे वळली, विहिरीवर गेली आणि भरलेली कळशी घेऊन परत आली. डोळे उघडे होते, पण त्यांत आता काही उरलं नव्हतं. माझा आवाज ऐकून ती थबकली, हसली आणि आत गेली.

तांडेल तिच्याकडे बघत राहिले. "डोलं गेलं, सायब. पन बगा कशी चालतं. पयल्या दिवसापासून. येकदा पन कुटं आदलली नाय. कोनी शिकवलं नाय, कायच नाय. देवाची किरपा, दुसरं काय?"

आत कळशी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि मग सगळं शांत झालं. ती ऐकत होती.

"हो, तांडेल," मी म्हणालो. "देवाचीच कृपा."

सगळ्या नोकरीत मी जाणूनबुजून दिलेला खोटा जबाब तेवढा एकच.